सहापैकी तीन

रामनगरच्या बाजारात मी गेली बावीस वर्षं बायकांचे कपडे शिवते. हजारो बायकांच्या गळ्याभोवती माझी टेप फिरली असेल. स्वतःच्या गळ्याकडे मात्र मी कधी नीट पाहिलं नव्हतं. भावाच्या मुलीच्या लग्नासाठी स्वतःचं ब्लाउज बेतायला घेतलं, तेव्हा डाव्या बाजूला हासळीच्या हाडावर एक गाठ बोटाला लागली. आवळ्याएवढी असेल. दाबून पाहिली तर दुखत नव्हती. दुखली असती तर मी तिच्याकडे लक्ष दिलं असतं.

दिवसभर मान वाकवून मशीनवर बसतेस, दुसरं काय होणार, असं जो तो म्हणाला. मलाही ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. कुणी पाल्याचा लेप दिला, तो लावला. कुणी गरम मिठाची पुरचुंडी सांगितली, ती शेकली. दोन महिन्यांत माझीच ब्लाउजं मला ढगळ व्हायला लागली, पहाटे अंगातलं पोलकं पिळून काढावं इतका घाम यायला लागला, तेव्हा आमचे हे गणेशगुडीच्या लॉजवरून सुट्टी काढून आले. ते तिथं पाहुण्यांची जीप चालवतात. त्यांनी मला थेट बेळगावच्या गाडीत बसवलं.

गाठीचा तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, लिम्फोमा. कॅन्सरच, पण औषधाला ऐकणारा. किमोचे सहा डोस, दर एकवीस दिवसांनी एक. आमचे हे ‘औषधाला ऐकणारा’ एवढंच घेऊन बसले. मी कॅन्सर या शब्दाशीच थांबले होते. त्या दिवशी येताना खानापूर कधी गेलं, लोंढा कधी गेलं, मला काही कळलं नाही.

लोक मला आता म्हणतात, तू फार धीराची. मला या शब्दाचा राग येतो. धीराची मी नव्हते. मला सुई टोचली की मी लहान पोरीसारखी ओरडायचे, आणि डोसाबरोबर पाच दिवस ज्या गोळ्या असायच्या त्यांनी माझं डोकं असं फिरायचं की ह्यांना गणेशगुडीला पाहुणे नसतानाही काम निघायचं. मी वाचले त्यात धीराचा भाग फारसा नाही. जिथं धीर लागत होता तिथं मी कमी पडले. ते सांगायला बसलेय.

पहिल्या डोसाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक बाई होती. तिशी-पस्तिशीची, काटक, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. नर्सनं तिच्या हाताची शीर शोधता शोधता त्यातल्या दोन फोडल्या, तर ही नर्सलाच म्हणाली, “असू दे गं बाय, जत्रंत दुसऱ्या भरीन.” मग माझ्याकडे वळली.

“अक्का, तुमी रामनगरच्या न्हवं? तुमच्याकडं मी पोलकं शिवलंय.”

मला चेहरे आठवत नाहीत, मापं आठवतात. तिचं माप मला आठवत नव्हतं आणि पुढं कळलं की आता ते निम्म्यावर आलं होतं. ती बाजारकुणंगच्या पुढची, रानातल्या कुणब्यांच्या वाडीतली. नवरा भातशेती करायचा, वनखात्याच्या कामावर जायचा. एक मुलगी शाळेत. गाठी मानेत आणि काखेत. रोग तोच, डॉक्टर तोच, औषध तेच, दिवसही तोच. बाटलीतलं लाल औषध नळीतून थेंब थेंब हातात उतरताना आम्ही दोघी बघत होतो. “रातांब्याचं सरबत हाय न्हवं?” ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले.

तिच्या वाडीतून निघून सकाळी वेळेवर बेळगाव गाठणं शक्य नव्हतं. म्हणून ठरलं की आदल्या दिवशी दुपारी तिनं माझ्याकडे यायचं आणि सकाळी दोघींनी मिळून जायचं. नवरा तिला माझ्या दारात सोडून जायचा. त्याला गुरं होती, भाताची मळणी होती. येताना ती पिशवी भरून मुडली आणायची. मुडली म्हणजे आमच्या जोयड्याकडचा कंद, चांगला हातभर लांब. डोसानंतर फोडणीचा वास आला तरी मला मळमळायचं. तोंड आतून सोललेलं असायचं. तेव्हा नुसती मिठात उकडलेली मुडलीच तेवढी माझ्या पोटात टिकायची. ती मला अक्का म्हणायची, मी तिला बाय. मला बहीण नाही. पन्नाशीला आल्यावर अशी आयती मिळाली.

केस गेले तेव्हा ती रडत बसली नाही. रडणं माझंच जास्त होतं. सवाशीण बाईच्या बोडक्या डोक्याकडे आमच्या भागात लोक कसे बघतात, मला ठाऊक होतं. मी दुकानातल्या उरलेल्या कापडांतून दोघींसाठी डोक्याचे रुमाल शिवले. तिनं आधी मोरपंखी निवडला, मग माझा बघून तोच हवा म्हणून भांडली. रुमाल शिवताना लक्षात आलं की माझ्या बोटांची टोकं बधिर झालीत. सुईत दोरा ओवता येईना. कापड सुती की रेशमी, ते हाताला कळेना. औषधानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. ते अजून पुरतं गेलेलं नाही.

दुसऱ्या डोसानंतर गाठी विरघळल्या. मी एका सकाळी मान चाचपली तर तिथं काही नव्हतं. माझा विश्वास बसेना, मी ह्यांना हात लावायला लावला. तिसऱ्या डोसाला ती आली ती दारातूनच ओरडत, “अक्का, बग, गेली!” चपला काढायच्या आधी तिनं माझा हात धरून आपल्या मानेला लावला, मग काखेत. आम्ही दोघी दारातच एकमेकींचे गळे चाचपत उभ्या राहिलो. माझा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, सुटलो.

डॉक्टरांना हे नवीन नव्हतं. त्यांनी दोघींना एकत्र बसवून सांगितलं, “गाठ हाताला लागत नाही म्हणजे रोग गेला असं नाही. तो आत आहे. अर्ध्यावर सोडलंत तर परत येतो, आणि परत आला की मग हे औषध ऐकत नाही. सहा म्हणजे सहा.” मी मान हलवली, तिनंही हलवली. बसमध्ये मी तिला पुन्हा माझ्या भाषेत समजावलं. म्हटलं, “वरनं टाका दिसत न्हाई म्हणून आत धागा न्हाई असं हुतंय का?” ती म्हणाली, “समजलं गं अक्का, मी काय खुळी हाय?” ती खुळी नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते.

तिसरा डोस होऊन दहा दिवस झाले असतील, तिचा नवरा दुकानात आला. येत्या सोमवारी गावदेवाचं जेवण आहे, तुम्ही दोघांनी यायचंच, म्हणाला. दुखणं कळलं तेव्हा त्यांनी नवस बोलला होता की हिची गाठ गेली की अख्ख्या वाडीला जेवण घालू. गाठ गेली होती. मग नवस ठेवून घेणं बरं नव्हे.

आम्ही गेलो. वाडीच्या वर मोठ्या झाडांच्या सावलीत देवाची जागा. घोंगडी अंथरली होती, चुलींवर मोठी हंडी चढली होती. बायकांनी मला पाट दिला, कारण मीही आजारी. ती नवी साडी नेसून, डोक्यावर मोरपंखी रुमाल बांधून देवापुढं उभी होती. गावच्या वडीलधाऱ्याला तिकडे बुधवंत म्हणतात. तो म्हातारा पुढं झाला, त्यानं नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची गाठ तू काढलीस. सगळे एका आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मीही म्हणाले.

मग तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

“ह्या रामनगरच्या अक्का. ह्या हिच्यासंगं बेळगावाला जात्यात. अक्का, तुमीच सांगा सगळ्यांम्होरं. डॉक्टरानं गाठ गेली म्हटलं का न्हाई?”

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. ती बघत होती. तिचा नवरा बघत होता. मला पुढचं वाक्य पाठ होतं. गेली, पण अजून तीन डोस राहिलेत, ते घेतले नाहीत तर परत येईल. एवढंच म्हणायचं होतं. पण हंडीतलं शिजून आलं होतं, पोरं पत्रावळी घेऊन बसली होती, माणसं आनंदात होती. आणि मी कोण, परक्या गावची पाहुणी, त्यांच्या देवापुढं ‘पण’ लावणारी?

“व्हय,” मी म्हटलं. “गेली म्हटलं.”

बुधवंतानं नारळ फोडला. जेवताना तो पलीकडच्या पंगतीत कुणाला तरी सांगत होता, ते मला ऐकू आलं. आता सुई नाही. देवाचं देऊन झालं, त्यावर पुन्हा सुई टोचून घेतली तर देवाला खोटं पाडल्यासारखं होतं. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. परत येताना ह्यांनी विचारलं, ती पुढच्या डोसाला येईल ना गं? मी म्हटलं, येईल की, न यायला काय झालं? मला तेव्हाच माहीत होतं की ती येणार नाही.

चौथ्या डोसाच्या आदल्या दिवशी दुपारपासून मी दाराशी खुर्ची टाकून बसले. ती आली नाही. सकाळी स्टँडवर बेळगावची पहिली गाडी मी सोडली, दुसरीत बसले. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. ती कंडक्टरनं उचलायला लावली. हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, तुमची मैत्रीण कुठंय? तिनं त्या घरी फोनही लावून पाहिले. वाडीत रेंज नसते.

मी निरोप धाडला. आमच्या स्टँडवरून त्या बाजूला सीटा भरल्या की वडापची जीप जाते. तिच्या चालकाजवळ मी सांगून पाठवलं की चौथा चुकला तरी चालेल, लगेच ये, मी डॉक्टरांशी बोलते. दोन दिवसांनी उत्तर आलं. “देवाला शब्द दिलाय म्हणावं. बरी हाय म्हणावं.” मी परत निरोप धाडला, जरा रागानं. मग तिसरा. त्याचं उत्तर आलं नाही.

मी स्वतः का गेले नाही? चौथ्या डोसानंतर मी अंथरुणाला खिळले होते हे खरं. पाचव्यानंतर ताप चढला, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, आठ दिवस हॉस्पिटलात काढले हेही खरं. पण मधे चांगले दहा-बारा दिवस होते. तेव्हा मी दुकान उघडून बसले होते. जीपमध्ये बसायला काही हरकत नव्हती. मला बुधवंतासमोर जायची लाज वाटत होती. तिचा रागही आला होता, मी इथं मरणाच्या कळा सोसतेय आणि ही बरी हाय म्हणून निरोप धाडते. आणि आणखी एक होतं, ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात मला बघायचं होतं की कोण बरोबर निघतं. ती औषधाशिवाय ठणठणीत राहिली असती तर मला वाईट वाटलं असतं. इतकी मी धीराची.

माझा सहावा डोस झाला. शिमगा होऊन गेला आणि तिचा नवरा तिला घेऊन माझ्या दारात आला. मोरपंखी रुमालाखाली केस बोटभर वाढले होते. मान एका बाजूला कललेली होती, कारण दुसऱ्या बाजूला गाठ लिंबाएवढी झाली होती आणि खाली आणखी दोन. ती दारातच उभी राहिली. या वेळी तिनं माझा हात धरला नाही. मीच तिच्या मानेला हात लावला. बोटं बधिर होती, तरी कळलं.

त्याच दिवशी आम्ही बेळगावला गेलो. डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आता दुसरं, जास्त कडक औषध द्यावं लागेल, सोसतं का बघू, म्हणाले. त्याचे दोन डोस झाले. तिला सोसलं नाही. मग त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या.

वैशाखात मी तिला भेटायला वाडीवर गेले. आता जीपमध्ये बसायला मला काहीच अडचण आली नाही. ती ओसरीवर झोपली होती. अंगात काही राहिलं नव्हतं. मापं घेण्यासारखं तर काहीच नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. रस्ताभर जे घोळवत आले होते ते एकदाचं बोलले. म्हटलं, बाय, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. मला सहा माहीत होते. सगळ्यांसमोर मी अर्धंच सांगितलं.

तिनं डोळे मिटले आणि उघडले. “गप ग. जेवणाच्या पंगतीत कोन असलं बोलतंय?” मग म्हणाली, “तुजं केस बग की कसं कुरळं आल्यात. पयलं कुटं असं हुतं?” तिनं हात वर करून माझ्या डोक्यावरून फिरवला. मी खूप रडले. ती नाही रडली. परतीच्या वाटेवर मला हलकं वाटत होतं, हे सांगायची लाज वाटते. तिनं मला दोषातून सोडलं, असं मी धरून चालले. पाच दिवसांनी वडापवाल्यानं दुकानात येऊन सांगितलं, गेली.

माझ्या तपासण्या आता चांगल्या येतात. आधी तीन महिन्यांनी जायचे, आता सहा महिन्यांनी जाते. रिपोर्ट चांगला आला की बाजूची खुर्ची आठवते. लोक पेढे मागतात, मी देते.

ती गेली त्याच वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, तिचा नवरा दुकानात आला. मुलीच्या शाळेच्या ड्रेसचं कापड घेऊन आला होता. मुलीला आणली नव्हती, तिच्या जुन्या ड्रेसवरून माप घ्या म्हणाला. मी तो जुना ड्रेस टेबलावर पसरला, लांबी घेतली, चार बोटं वाढवून लिहिली. तो उभाच होता. मी स्टूल पुढं केलं. बसला आणि म्हणाला, “अक्का, एक विचारू? तुमास्नी राग येनार न्हाई न्हवं?”

मी म्हटलं, विचारा. मला वाटलं, आता तो विचारणार, डॉक्टर त्या वेळी खरं काय म्हणाले होते. मी उत्तर तयारच ठेवलं होतं. या वेळी पुरतं सांगायचं, स्वतःला काही वाचवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

“तुमी न्यायला का आला न्हाई?”

मला कळेना. म्हटलं, मी तीनदा निरोप धाडला.

“निरोप आलं की,” तो म्हणाला. “निरोपानं कसं जायाचं? देवाला शब्द दिल्याला. ती आपल्या पायानं उंबऱ्याभाईर पडली असती तर वाडीनं नाव ठेवलं असतं. पन दारात न्यायला मानूस आलं की आमी माघारी धाडत न्हाई. बुधवंतानं बी हूं का चूं केलं नसतं. मुराळी आला की पोरगीला माहेराला धाडायलाच लागतंय, तसंच हाय ते. तिला ते ठावं हुतं.” तो टेबलावरच्या ड्रेसकडे बघत होता. “रोज म्हनायची, अक्काला माझ्याबिगर जमायचं न्हाई, अक्का येतीय बगा न्यायला. तुमचं ते तीन डोस व्हईपतोर दारातली पिशवी तिनं उचलू दिली न्हाई. आत मुडली हुती, तुमच्यासाठी. ती कुजली, तवा दुसरी भरली.”

तो मला दोष देत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रामनगर ते त्याची वाडी, जीपनं असं किती लांब? मी जुन्या ड्रेसची घडी घातली. ड्रेस कधी मिळेल, एवढं त्यानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, शनिवारी या.

तो उठला तेव्हा मी म्हटलं, नको, तुम्ही येऊ नका, मी घेऊन येते.